तीन ढीग

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत माणसं निघतात आणि पोचतात. अमुक साली विलायतेला गेले, तमुक साली परत आले. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तोही असाच. पण निघण्याआधी महिनाभर त्या घरात काय चाललं असेल, हे कुठल्या धड्यात येत नाही. भांडी कुणाला दिली? पुस्तकांचं काय केलं? दागिने बरोबर नेले की मागे ठेवले? आणि हे सगळं ठरवलं कुणी? परीक्षेला असला प्रश्न येत नाही, म्हणून आम्हीही तो कधी विचारला नाही.

हल्ली मात्र हाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. का, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दिवाळी झाली की मी लेकीकडे मेलबर्नला जाते आहे, आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. तेवीस किलोच्या दोन बॅगा न्यायच्या. ऑस्ट्रेलियात लाकूड, बी-बियाणं, खाण्याचे जिन्नस यांची तपासणी फार कडक असते म्हणे, त्यामुळे देव्हारा आणि लोणच्याची बरणी दोन्ही बाद. वाईच्या या घरात पंचेचाळीस वर्षं साठलेलं सगळं आता माजघरात मांडून ठेवलं आहे. त्याचे आपोआपच तीन ढीग झालेत: दागिने, पुस्तकं आणि बाकीचं घर. एकेक ढीग उपसताना मला इतिहासातलं एकेक निघणं आठवत गेलं. तेच आज लिहिते.

पहिला ढीग दागिन्यांचा.

१९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानात परत यायला निघाले. नाताळमधल्या हिंदी लोकांनी निरोपाचे समारंभ केले आणि भेटवस्तूंचा पाऊस पाडला. सोन्याचांदीच्या वस्तू, हिऱ्यांच्या वस्तू. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. ज्या संध्याकाळी या भेटी मिळाल्या ती रात्र गांधीजींनी येरझाऱ्या घालत काढली. लोकसेवेचा मोबदला घ्यायचा का, हा प्रश्न. सकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं. सगळ्या वस्तूंचा समाजासाठी ट्रस्ट करायचा आणि पारशी रुस्तमजी वगैरे मंडळींना विश्वस्त नेमायचं. तसा मसुदाही त्यांनी लिहून ठेवला.

मग घरात विचारलं! मुलांना आधी पटवलं. ती लगेच हो म्हणाली. कस्तुरबा काही ऐकेनात. हा सगळा प्रसंग गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहिला आहे. कस्तुरबांचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्हाला नको असेल, मुलांना तुम्ही शिकवाल तसं ती बोलतील. मी घालू नये म्हणता, तेही समजू शकते. पण उद्या सुना येतील त्यांचं काय? उद्याचं कुणी पाहिलंय? यावर गांधीजी म्हणाले, मुलांची लग्नं होतील तेव्हा होतील, आणि तेव्हा दागिने लागलेच तर मी आहे की. हे ऐकून त्या जास्तच संतापल्या. जो माणूस माझ्या अंगावरचे दागिने उतरवतो, पोरांना साधू करायला निघालाय, तो सुनांना दागिने घालणार! शेवटी गांधीजींनी वकिली मुद्दा काढला, की हार तुझ्या सेवेसाठी मिळाला की माझ्या? त्यावर त्या म्हणाल्या ते फार महत्त्वाचं आहे. तुम्ही केलेली सेवा ती माझीही सेवाच. तुमच्यासाठी, तुम्ही घरात आणलेल्या सगळ्यांसाठी मी रात्रंदिवस राबले, रडत रडत राबले, ती सेवा नाही का?

दागिने अखेर ट्रस्टमध्ये गेले. १८९६ साली मिळालेल्या भेटीही त्याच वाटेने गेल्या. गांधीजींना या निर्णयाचा कधी पश्चात्ताप झाला नाही आणि पुढे बांनाही तो पटला, असं ते लिहितात. सार्वजनिक कामाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. सेवकाने भेटी घेऊ नयेत हा धडा आजच्या पुढाऱ्यांनी गिरवावा असाच आहे. पण मी ते प्रकरण पुन्हा वाचलं तेव्हा वेगळ्याच गोष्टीशी अडखळले. मसुदा रात्री तयार झाला आणि बायकोला सकाळी विचारलं. म्हणजे विचारलं की कळवलं? कस्तुरबांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले तेही त्यांच्या प्रतिपक्षाच्याच लेखणीतून. तरी त्या लेखणीचा मोठेपणा असा, की तिने त्यांचा एकही मुद्दा गाळला नाही. कस्तुरबा वाद हरल्या, पण आज सव्वाशे वर्षांनीही त्यांचा प्रश्न तसाच उभा आहे. वस्तू कुणाच्या नावाने आली यावरून ती त्याची ठरते, की ज्याच्या कष्टांवर ते नाव झालं त्याचीही असते?

म्हणून आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ मी आधी नुसत्या टेबलावर ठेवल्या. लेकीला फोनवर, सुनेला समोर बसवून विचारलं आणि मी गप्प बसले. सून म्हणाली, मोहनमाळ वन्संना द्या, मला पाटल्यांपेक्षा आजींची नथ आवडते. मला हे स्वप्नातही सुचलं नसतं.

दुसरा ढीग पुस्तकांचा. इथे मला बाबासाहेब आठवले.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती तुटपुंजी, त्यातून घरी पैसे पाठवायचे. तरीही पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. न्यूयॉर्क सोडताना ती हिंदुस्थानात पोचवण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली. त्यातली काहीच त्यांच्या हाती लागली. पुढे लंडनला गेले. तिथे पुन्हा अभ्यास, पुन्हा पुस्तकं. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. स्वतः ते एका बोटीने निघाले, आणि सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने रवाना केलं. बाबासाहेब २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला सुखरूप पोचले. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली होती.

कंपनीने भरपाई दिली, सहाशे रुपये. बडोद्याला नोकरीवर जायला त्या पैशांचा उपयोग झाला. म्हणजे समुद्राच्या तळाशी गेलेल्या ग्रंथांनी मालकाला शेवटचा हात दिला तो असा.

भरपाई मिळते ती वस्तूची. पुस्तकाच्या कडेला केलेल्या पेन्सिलीच्या खुणा, मध्ये घातलेली टिपणं, अमुक वाक्य अमुक पानावर आहे ही हाताला झालेली सवय, यांचा दर कुठल्या कंपनीच्या कोष्टकात असणार? शिवाय बाबासाहेब परदेशात पुस्तकं जमवत होते त्या वर्षांत इकडे मुंबईत रमाबाई चाळीतला संसार कसाबसा ओढत होत्या. त्या पुस्तकांच्या किमतीत त्यांच्याही उपासाचा वाटा होता. तोही त्या सहाशे रुपयांत धरलेला नाही.

माणूस मात्र थांबला नाही. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली डी.एस्सी. मिळवली, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं तेव्हा ग्रंथांची सोय डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलं. ज्याची पुस्तकं दोनदा हातची गेली, त्याने तिसऱ्यांदा पुस्तकांसाठी घर उभं केलं.

माझा संग्रह कुठे, तो कुठे! पण मी त्यातून एवढं घेतलं, की ज्या कामाचे कागद अजून लागणार आहेत ते दुसऱ्या वाटेने पाठवायचे नाहीत. आजोबांची मोडीतली चोपडी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत येईल. बाकी पुस्तकं गावातल्या वाचनालयाने निवडून नेली. उरलेली माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी नेली. त्यातला एक आता टेम्पो चालवतो, त्याने सगळ्यात जास्त नेली.

तिसरा ढीग म्हणजे बाकीचं घर. हा सगळ्यात अवघड.

पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याकडे लंडनला गेले होते तेव्हा त्याने मला सिग्मंड फ्रॉइडचं घर दाखवलं. मनोविश्लेषणाचा जनक, एवढंच बी.ए.ला मानसशास्त्राच्या पेपरात शिकलेलं. २०, मेअर्सफील्ड गार्डन्स. आता तिथे संग्रहालय आहे. अभ्यासिकेत तो प्रसिद्ध कोच, त्यावर इराणी गालिचा, आणि जिकडेतिकडे प्राचीन मूर्ती. इजिप्तच्या, ग्रीसच्या, रोमच्या, चीनच्या. सगळ्या मिळून दोन हजारांवर. लिहायच्या टेबलावर तर मूर्तींची रांगच उभी, आणि त्या रांगेत, काय सांगू, आपला विष्णू! हस्तिदंती. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त १९३१ साली कलकत्त्याच्या इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटीने पाठवलेला. गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२२ साली स्थापन केलेली ही संस्था. व्हिएन्नाला पोचल्यावर मूर्तीला तडे जायला लागले, तेव्हा कलकत्त्याच्या हवेत वाढलेल्या देवाला इथली हवा मानवत नाही की काय, अशी शंका फ्रॉइडने लिहून ठेवली आहे.

तर हे घर मुळात लंडनचं नाहीच. ते व्हिएन्नाचं. बर्गगासे १९ या पत्त्यावर फ्रॉइड १८९१ पासून राहत होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केलं आणि ज्यूंच्या घरांवर धाडी सुरू झाल्या. फ्रॉइडच्या घरीही नाझी आले, रोकड घेऊन गेले. २२ मार्चला गेस्टापोने त्याची मुलगी अ‍ॅना हिला दिवसभर चौकशीला नेलं. तोपर्यंत देश सोडायला तयार नसलेला म्हातारा त्या दिवशी तयार झाला. वय ८२ पुरं होत आलेलं, आणि १९२३ पासून जबड्याच्या कॅन्सरशी झगडा चाललेला.

मग सुरू झाली सामानाची निवड. पुस्तकं सगळी नेणं शक्य नव्हतं. सुमारे आठशे पुस्तकं एका व्हिएन्नाच्या विक्रेत्याला दिली. ती पुढे न्यूयॉर्कच्या एका संस्थेने विकत घेतली आणि आज ती कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. हो, बाबासाहेबांच्याच कोलंबियात. मूर्तींची परवानगी मिळेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून फ्रान्समधली त्याची शिष्या मारी बोनापार्ट हिने अथीना देवीची एक छोटी ब्राँझची मूर्ती गुपचूप सीमेपार नेली. निदान एक तरी वाचावी! व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या एका अधिकाऱ्याने संग्रहाची किंमत मुद्दाम कमी लावली, त्यामुळे तो सुटला. देश सोडून जाणाऱ्यांवर संपत्तीच्या चौथ्या हिश्शाइतका कर होता, तो भरायलाही बोनापार्टबाईंनीच मदत केली. घर हलण्याआधी एडमंड एंगेलमन नावाच्या छायाचित्रकाराने फ्लॅश न वापरता खोली न् खोली टिपून ठेवली, कारण बाहेर गेस्टापोचा पहारा होता.

४ जून १९३८ रोजी फ्रॉइडने व्हिएन्ना सोडलं, ६ जूनला लंडन. ऑगस्टमध्ये सामान येऊन पोचलं, जसंच्या तसं. घरकाम करणारी पाउला फिश्टल बरोबर आली होती. टेबलावरच्या मूर्ती कोणत्या क्रमाने उभ्या होत्या हे तिला पाठ होतं, आणि तिने त्या तशाच मांडल्या. मला यात नवल वाटलं नाही. धूळ जो पुसतो त्यालाच वस्तूंची जागा माहीत असते. वर्षभराने, २३ सप्टेंबर १९३९ रोजी, फ्रॉइड त्याच घरात आपल्या वस्तूंमध्ये वारला.

हे भाग्य किती मोठं, ते इतरांकडे पाहिल्यावर कळतं. सामान्य ज्यू कुटुंबाला नेायच्या सामानाची वस्तूवार यादी सरकारला द्यावी लागे. रोकड दहा मार्क. फेब्रुवारी १९३९ पासून सोनंचांदी जमा करायचा हुकूम निघाला. लग्नाची अंगठी आणि माणशी दोन जेवणांपुरते चांदीचे काटे-चमचे तेवढे ठेवता येत. ज्यांनी सामान मोठ्या लाकडी पेट्यांत भरून हॅम्बुर्ग बंदरात पाठवलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या पेट्या सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिथेच अडकल्या. १९४१ पासून गेस्टापोने त्या जप्त करून लिलावात काढल्या. कुणाची पलंगपोसं, कुणाच्या वाट्या, शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांनी बोली लावून नेल्या.

पण फ्रॉइडच्या घराची खरी गोष्ट मला त्या संग्रहालयातून परत आल्यावर वाचनात सापडली. त्याच्या चार बहिणी व्हिएन्नातच राहिल्या. रोझा, मारी, अडोल्फिने आणि पाउलिने. १९३८ साली त्या ७८, ७७, ७६ आणि ७४ वर्षांच्या होत्या. बाहेर पडायचा परवाना मिळालेल्यांत फ्रॉइडची बायको, मुलं, मेहुणी, डॉक्टर, घरकाम करणारी बाई होती. चिनी जातीचा लाडका कुत्राही त्याच गाडीतून निघाला. बहिणींसाठी फ्रॉइडने आणि त्याच्या भावाने एक लाख साठ हजार शिलिंग मागे ठेवले. म्हाताऱ्या बायकांना कोण काय करणार, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं, आणि पुढचं कुणालाच दिसत नव्हतं, हे न्याय करताना लक्षात ठेवलं पाहिजे. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीनंतर फ्रॉइडने बोनापार्टबाईंना लिहून त्यांना फ्रान्समध्ये आणता येईल का विचारलं. तिने खटपटही केली. परवाने मिळाले नाहीत. १९४२ साली चौघींनाही थेरेझिएनस्टाटच्या छावणीत नेलं. अडोल्फिने तिथेच गेली. उरलेल्या तिघींना पुढे मृत्युछावण्यांत नेऊन मारलं. फ्रॉइडला यातलं काहीच कळलं नाही, तो आधीच गेला होता.

दोन हजार मूर्ती पोचल्या. चार बहिणी नाही पोचल्या. मी फ्रॉइडला दोष द्यायला हे लिहीत नाही. परवाने कुणाला मिळणार हे काही एकट्या त्याच्या हातात नव्हतं. पण मी हे वाचलं आणि माजघरात मांडलेल्या माझ्या ढिगांकडे पाहिलं. घंगाळ कुणाला, पाटा-वरवंटा कुणाला, सतरंज्या कुणाला, याच्या मी चार पानी याद्या केल्या होत्या. त्यांत वस्तूंची नावं होती आणि घेणाऱ्यांची होती. जिला मी मागे ठेवून जाते आहे तिचं नाव कुठेच आलं नव्हतं, कारण ती काही घेणार नाही आणि कुणी तिला नेणारही नाही.

माझी अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इथून तीन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. तिला मूलबाळ नाही. कृष्णामाई सोडून मी कुठे यायची नाही, हे तिने मला, लेकीला आणि व्हिडिओवर जावयालाही ठणकावून सांगितलं आहे. आपल्या काळात सुदैवाने छावण्या नाहीत, वाईला कसली धाड पडणार नाही. तुलना करायचीच नाही. पण ऐंशी वर्षांच्या बाईला बुधवारी दवाखान्यात कोण नेणार, गॅस संपला तर कुणाला फोन करणार, आणि संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर बसून माझ्याशी भांडण्याची जी तिची सवय आहे तिचं काय, हे प्रश्न कुठल्याही ढिगात बसत नाहीत. मी तिला विचारलं. कस्तुरबांसारखं तिला सकाळी कळवायचं नव्हतं, म्हणून ठरवण्याआधी विचारलं. ती म्हणाली, “तू जा. मला तुझं घड्याळ ठेव. ते दर तासाला ठोके देतं, तेवढी जाग राहील घरात.”

म्हणून भाचेकंपनी आणि पुतणेमंडळी, तुम्हाला ही जाहीर विनंती. येत्या रविवारी भांडी न्यायला या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून ठेवली आहे, भांडू नका. पण डबा हातात घेण्याआधी फडताळाच्या दारावर चिकटवलेला तक्ता बघा. त्यात सात वार लिहिले आहेत आणि समोर रकाना मोकळा आहे. बुधवार दवाखान्याचा. भिंतीवरचं घड्याळ कुणी मागू नये, ते अक्काकडे गेलं आहे. त्याला दर आठ दिवसांनी चावी द्यावी लागते आणि तिचा हात आता तिथवर पोचत नाही, तेव्हा शनिवारच्या रकान्यात उंच माणसाने नाव लिहावं.